तालुक्याच्या गावी घर विकत घ्यावं की किरायानंच राहावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसला किरायानं राहतात, किराया ५,५०० रुपये. जमवलेले ९ लाख हाताशी आहेत. समोर दोन पर्याय: २७ लाखांचं तयार घर, किंवा गावाबाहेरच्या लेआउटमध्ये ६०० रुपये फुटानं १,५०० चौरस फुटांचा प्लॉट. मूळ गाव ३५ किलोमीटरवर, तिथे वडिलांचं घर आणि तीन एकर कोरडवाहू शेत. सगळे म्हणतात, किरायाचा पैसा पाण्यात जातो. मग घेऊन टाकावं का?

माझं उत्तर आधी सांगतो. २७ लाखांचं तयार घर आज घेऊ नका. प्लॉट घ्यायला हरकत नाही, पण कागद आणि माती या दोन्हींत तो उतरला तरच. तोवर किरायानंच राहा, हवं तर दीड-दोन हजार जास्त देऊन चांगल्या घरात राहा. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत किराया घराच्या किमतीच्या मानानं फार स्वस्त आहे. चुकीचा प्लॉट मात्र पंधरा-वीस वर्षं गळ्यात राहतो, कारण इथे घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

हिशोब मांडू. तुलना करताना सध्याचा ५,५०० किराया धरू नका. ते २७ लाखांचं घर किरायानं घ्यायचं तर किती पडेल ते विचारा. साधारण ७,५०० धरू, म्हणजे वर्षाचे ९० हजार. घराची किंमत वर्षाच्या किरायाच्या तीसपट झाली. वीसपटीच्या आत असेल तर विकत घेण्याचा विचार पैशाच्या अंगानं जमतो. तीसपट असेल तर पैसा तरी किरायाच्या बाजूनं बोलतो.

आता विकत घेण्याचा खर्च. ७ लाख स्वतःचे, २० लाख कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता १७,३५० च्या आसपास. मुद्रांक शुल्क हद्दीप्रमाणे साधारण ४ ते ६ टक्के, नोंदणी फी १ टक्का (कमाल ३० हजार), वकील, बँकेचे खर्च मिळून आणखी दीड-पावणेदोन लाख. घर पत्नीच्या एकटीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ती जरूर घ्या. पण ही सवलत निवासी घराला आहे, मोकळ्या प्लॉटला ती धरू नका. म्हणजे हातातले ९ लाख पहिल्याच महिन्यात संपले. आजारपण आलं, शेतात दुबार पेरणीची वेळ आली, तर हाताशी काही नाही.

पहिल्या वर्षी तुम्ही बँकेला २ लाख ८ हजार भराल, त्यातलं १ लाख ६८ हजार नुसतं व्याज. पाच वर्षांत १० लाख ४० हजार भरून झाल्यावरही २० लाखांतलं १७ लाख ६० हजार कर्ज शिल्लक असतं. किरायाचा पैसा पाण्यात जातो म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा. व्याजाचा पैसाही परत येत नसतो. त्यात ८ लाख ७० हजारांची ठेव मोडल्यानं बुडालेलं व्याज, साडेसहा टक्क्यांनी ५६ हजार. घरपट्टी, रंगरंगोटी, गळती यांचे १८ हजार. एकूण २ लाख ४२ हजार विरुद्ध किराया ९० हजार. दीड लाखाचा हा वार्षिक फरक भरून निघायला घराची किंमत दरवर्षी साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढायला हवी. पण वाढते ती जागेची किंमत, बांधकाम जुनं होत जातं. २७ लाखांत जागा ११ लाखांची असेल तर त्या जागेचा भाव दरसाल १४ टक्क्यांच्या आसपास वाढला पाहिजे. बायपास किंवा एखादा मोठा प्रकल्प आला तर असं काही वर्षं होतं, कायमचं होत नाही.

काळ पुढे सरकला की चित्र बदलतं, हेही खरं. किराया वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तर आठव्या वर्षाच्या सुमारास किराया आणि कर्जाचं व्याज बरोबरीला येतात. ठेवीचं बुडालेलं व्याज आणि देखभाल धरली तर ही बरोबरी बाराव्या-तेराव्या वर्षी होते. म्हणून खरा प्रश्न हा की त्याच गावात बारा वर्षं राहणार का? जिल्हा परिषदेच्या नोकरीत जिल्ह्यांतर्गत बदली आली की दिग्रसहून वणी-झरीकडे, शंभर किलोमीटरहून दूर जावं लागू शकतं. मुलं दहावीच्या पुढे गेली की अमरावती-नागपूरचा विचार सुरू होतो. सेवेची आठ-दहा वर्षं उरली असतील आणि बदलीचे मोठे टप्पे होऊन गेले असतील तर गोष्ट वेगळी.

घरभाडे भत्ता आणि करसवलत यांच्या भरवशावर निर्णय फिरवू नका. भत्ता स्वतःच्या घरात राहिलात तरी मिळतो. नव्या करपद्धतीत ना किरायाची वजावट, ना स्वतः राहत्या घराच्या व्याजाची.

हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि शेताचं उत्पन्न त्यात धरूच नका. कोरडवाहू तीन एकरांत कापूस-सोयाबीनचे पैसे एखाद्या वर्षी येतात, एखाद्या वर्षी बोंडअळी किंवा परतीचा पाऊस ते घेऊन जातो. हप्ता दर महिन्याला असतो.

आता कागद. इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला सापळा नमुना ८ चा. दलाल आधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतो. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर ते पाहा. गावठाणाबाहेरच्या लेआउटसाठी सातबारा, ८अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा), किमान ३० वर्षांचे फेरफार, सूची क्रमांक २ चे उतारे (नोंदणी झालेल्या व्यवहारांची नोंद), लेआउट मंजुरीचा आदेश आणि सही-शिक्क्याचा मंजूर नकाशा, एवढं मागा. शासनानं एनएची, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याची, पद्धत बरीच सोपी केली आहे, तरी नगर रचनेची मंजुरी असलेला नकाशा नसेल तर राष्ट्रीयीकृत बँक सहसा कर्ज देत नाही. आणि बँक नाही म्हणाली तर तो फुकटात मिळालेला सल्ला समजा. खासगी गृहवित्त कंपन्या नमुना ८ वरही देतात, पण १३ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता लाखाला १,२६५ पडतो, ८.५ टक्क्यांनी ९८५.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग बघा. वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते. विदर्भात यापुढे आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात, त्या पुण्या-मुंबईकडचे सल्लागार सांगत नाहीत. तालुक्याच्या जुन्या वस्तीत नझूलची, म्हणजे सरकारनं पट्ट्यानं दिलेली, जागा असते. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि थकीत भुईभाडं तपासा. भूदानाची जमीन असेल तर ती सरळ विकता येत नाही. विदर्भाच्या पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल अशी नोंद असेल तर हात लावू नका, सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये ही जमीन वनजमीनच धरायची असं सांगितलं आहे. आणि मूळ खातेदार आदिवासी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला झालेली विक्री टिकत नाही, मध्ये दोन-तीन हात बदलले असले तरी. म्हणून फेरफार मागे-मागे वाचत मूळ मालकापर्यंत जायचं. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि मेळघाटात हे पटवाऱ्याकडे बसून तपासाच.

दुसरा सापळा म्हणजे बहिणींच्या सह्या. शेत वडिलोपार्जित, विकणारे दोघे भाऊ, बहिणी लग्न होऊन गेलेल्या. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि तो जन्मानंच असतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नाही म्हणजे हक्क नाही असं होत नाही. वारस फेरफार काढा. सगळे वारस रजिस्ट्रीत विक्रेते किंवा संमती देणारे म्हणून हवेत, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. ‘ताईची काही हरकत नाही’ हे तोंडी वाक्य भाव वाढले की बदलतं.

तिसरा सापळा तुकड्यांचा. शेतमालक एकरभर शेतात चुना टाकून वीस प्लॉट पाडतो, एकाच सातबाऱ्यावर वीस नावं अविभक्त हिस्सा म्हणून चढतात, किंवा मुद्रांकावर नोटरी करून पैसे घेतले जातात. नोटरीच्या कागदानं किंवा मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही, मालकी नोंदणीकृत खरेदीखतानंच येते. शेताचे ठरलेल्या मापापेक्षा लहान तुकडे विकायला आळा घालणारा तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. २०२५ मध्ये शासनानं जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करायला वाट करून दिली, पण तो व्यवहार नियमित झाला तरी तिथे रस्ता, नाली आणि मोकळी जागा आपोआप तयार होत नाही. मंजूर नकाशात ‘ओपन स्पेस’ म्हणून दाखवलेला तुकडाच प्लॉट म्हणून विकलेला दिसतो. तेव्हा नकाशा हातात घेऊन मोक्यावर जा, टेप लावा. रस्ता ग्रामपंचायतीला किंवा नगर परिषदेला हस्तांतरित झाला का ते लेखी विचारा. इसाराआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घेतलेली बरी. खुणांचे दगड रातोरात सरकतात.

सातबाऱ्याच्या इतर अधिकारात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फेरफार होईपर्यंत थांबा. वणी, घुग्घुस, राजुरा या कोळशाच्या पट्ट्यात भूसंपादनाची अधिसूचना आणि खाली जुनी भूमिगत खाण आहे का हे दोन्ही विचारा. घुग्घुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एक अख्खं घर जमिनीत खचलं होतं. नदीकाठच्या गावांत पूररेषा पाहा. ऑगस्ट २०२० च्या वैनगंगेच्या पुरानं ज्या वस्त्यांत पाणी आणलं, तिथे आता प्लॉट स्वस्त का मिळतात हे सांगायला नको.

आता माती. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर उभ्या भिंती तिच्यासोबत वर-खाली होतात. तयार घर पाहायला दोनदा जा, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मे महिन्यात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या भेगा, पावसाळ्यात अडकणारी आणि उन्हाळ्यात सैल होणारी दारं, मधोमध बसलेली फरशी, ही पाया वरच्या थरातच राहिल्याची लक्षणं. नुकताच रंग दिलेला असेल तर घराच्या मागच्या भिंती आणि संडास-न्हाणीचा कोपरा पाहा, तिथे रंग सहसा घाईत मारलेला असतो. अशी भेग पुट्टी भरून थांबत नाही, पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी उघडते. भिंतीलगत कडूनिंब किंवा पिंपळ असेल तर ते झाड मुळापाशी ओलावा ओढतं आणि तो कोपरा आधी बसतो.

प्लॉट घेताना एका कोपऱ्यात सात-आठ फुटांचा खड्डा खणून पाहा. मजुरी थोडी जाते, पण कळतं बरंच. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर उत्तम. आठ फुटांपर्यंत काळीच माती असेल तर पायाचा खर्च लाख-दीड लाखानं वाढेल, तेवढा भावातून कमी करून मागा. बांधताना कॉलम मुरमापर्यंत न्या, वर प्लिंथ बीम सगळीकडून बांधून घ्या. खोल काळी माती असेल तर खालच्या टोकाला रुंद केलेल्या पाइलचा (जमिनीत खोल नेलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) पाया अभियंत्याकडून काढून घ्या. जोत्यात भर टाकताना खणलेलीच काळी माती परत टाकायची मिस्त्रीला फार घाई असते, ती टाकू देऊ नका. मुरूम थरा-थरानं, सहा-सहा इंच, पाणी मारून, धुम्मस करून भरा. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेलं काँक्रीट करा, म्हणजे पायाशी पाणी मुरत नाही. या एका गोष्टीत सहसा हात आखडला जातो, आणि ती वगळल्यामुळे बाकीचा चांगला पाया निकामी ठरतो.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर या बाजूला, बोअरचं पाणी बांधकामाला वापरू नका. क्षारानं सळाख गंजते आणि पाच-सात वर्षांत स्लॅबचा गिलावा सुटायला लागतो. टँकरचं गोडं पाणी विकत घ्यावं लागलं तरी घ्या. पिण्याचं पाणी नळयोजनेतून प्लॉटपर्यंत येतं का, हेही आधी पाहा.

७०० फुटांचं साधं घर १,८०० रुपये फुटानं १२ लाख ६० हजारांत उभं राहतं. सिमेंट २८० ते ३०० पोती, सळाख अडीच टनांच्या पुढे-मागे लागते. ठेकेदाराच्या हिशोबात पाया, कंपाउंड, बोअर, वीज मीटर आणि सेप्टिक टाकी आहे का ते लिहून घ्या, बऱ्याचदा नसतं, आणि तिथेच तीन लाख वाढतात. काम दिवाळीनंतर सुरू करा, मार्चच्या आत स्लॅब टाका. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात, रेतीचा भाव दुपटीला जातो. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर शेतात असतात, पूर्वेकडे धानाच्या रोवणी-कापणीत तसंच. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत स्लॅब टाकायचाच असेल तर सूर्य कलल्यावर, आणि वर आळी (छोटे बांध) करून किमान चौदा दिवस पाणी भरून ठेवा. दोन दिवस जरी ती आळी सुकली तरी केसासारख्या भेगा पडतात आणि पुढे तिथूनच गळतं.

तुमच्या आकड्यांत प्लॉट ९ लाखांचा आणि खर्च धरून साडेनऊ. हातातली सगळी पुंजी त्यात जाईल, म्हणून आत्ताच पूर्ण रोखीनं घेऊ नका. दोन-अडीच वर्षं महिन्याला १२ हजार बाजूला टाका. हा हप्त्याचा सरावही आहे. ते जमलं नाही तर कर्जाचा हप्ताही जमणार नाही, हे कर्ज न घेताच कळेल. मग प्लॉट, आणि घरासाठी १४ लाखांचं कर्ज, हप्ता १२,१५० च्या आसपास. प्लॉटसाठीच कर्ज घेतलं तर ठरलेल्या मुदतीत बांधकाम सुरू करण्याची अट असते, ती वाचून घ्या.

विकणारा म्हणेल, रजिस्ट्री सरकारी भावानं करू, वरचे रोख द्या. नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान निराळं: बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते, आणि पुढे व्यवहार मोडला तर रोख दिलेले पैसे सिद्ध करता येत नाहीत. इसार ५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, चेकनं द्या, आणि इसारपत्रात दोन वाक्यं घाला: बँकेनं कागद नाकारले तर इसार इतक्या दिवसांत परत, आणि मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर भाव त्या प्रमाणात कमी. रजिस्ट्रीआधी स्थानिक दैनिकात वकिलामार्फत जाहीर सूचना द्या. रजिस्ट्रीनंतर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. फेरफार मंजूर होऊन तुमचं नाव सातबाऱ्यावर चढल्याशिवाय बांधकाम सुरू करू नका.

गावच्या घराबद्दल एवढंच: वडिलांच्या सोयीसाठी छत आणि संडास-न्हाणी नीट करा, दोन-तीन लाख लागतील. तिथे स्लॅबचं मोठं घर बांधू नका, ते ना किरायानं जातं ना विकलं जातं. घर तुमच्या नावावर करायचं असेल तर वडिलांकडून बक्षीसपत्र करून घ्या. मुलाला दिलेल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राचा मूळ मुद्रांक फक्त २०० रुपये आहे. बहिणी असतील तर आधी त्यांच्याशी बोला.

राहिलं किरायाचं घर. अकरा महिन्यांचा तोंडी व्यवहार चालू ठेवू नका. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे, आणि खर्च किरकोळ: एकूण किरायाच्या पाव टक्का मुद्रांक, नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नगर परिषद हद्दीत १,०००. तीन वर्षांचा करार मागा, दरवर्षीची वाढ ५ टक्के लिहून घ्या, घर सोडण्याची सूचना दोन्ही बाजूंनी दोन महिने ठेवा, आणि बदली झाली तर अनामत पूर्ण परत असं कलम घाला. विजेचं मीटर स्वतंत्र आहे का, उन्हाळ्यात बोअर आटला तर टँकरचे पैसे कोण देणार, आणि गळतीची दुरुस्ती जूनआधी कोण करणार, हेही त्याच करारात लिहा.